पेपोझो: नडगीचं मांस, एक बाटली वाईन आणि साडेचार तास

शिजताना अर्ध्यात आलं की मांस कच्च्यापेक्षाही चिवट लागतं. एवढं एक वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर 10 नोव्हेंबरचा रविवार वाया गेला नसता आणि पाच माणसांना रात्री नऊ वाजता अंडी तळून वाढायची पाळी आली नसती. म्हणून हे लिहून ठेवतेय. परदेशात नवीन, खिशात मोजके युरो, आणि इटालियन माणसांना त्यांचाच पेपोझो, म्हणजे वाईनमध्ये शिजवलेला मांसाचा मिरीवाला रस्सा, करून घालायचं कबूल करून बसलेल्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

ज्यांच्याकडे गाय-बैलाचं मांस चालत नाही त्यांनी इथूनच वळावं, राग नाही. वसईतल्या आमच्या ख्रिस्ती घरात रविवारी मोठ्याचं मटण शिजायचं. 2015 च्या कायद्यानंतर बैलाचंही बंद झालं, तेव्हापासून म्हशीचं. त्यामुळे मांसाची भीती नव्हती. भीती होती ती मसाल्याशिवाय शिजवायची.

मी सप्टेंबर 2024 मध्ये फ्लोरेन्सला शिकायला आले. आल्यापासून आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकावा लागतो. पोस्टातून फॉर्मचं जाडजूड पाकीट आणायचं, त्यावर 16 युरोचा मुद्रांक लावायचा, 70.46 युरो चलान भरून द्यायचे आणि पाकीट खिडकीत देताना आणखी 30 युरो मोजायचे. झाले 116.46. पोस्टाची पावती मात्र जिवापाड जपा, कार्ड हातात पडेपर्यंत तोच तुमचा कागद. त्यात माझ्या शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कुठल्याशा सहीपायी अडकून पडला होता. ऑक्टोबरभर मी डाळ, भात आणि सवलतीत मिळालेली अंडी यांवर काढला.

अशात ऑक्टोबरमध्ये माझ्यासोबत घरात राहणाऱ्या मुली मला इम्प्रुनेताला सान लुकाच्या जत्रेला घेऊन गेल्या. इम्प्रुनेता हे फ्लोरेन्सच्या दक्षिणेला टेकड्यांवरचं गाव, भाजलेल्या मातीच्या कुंड्या, विटा आणि फरशांसाठी प्रसिद्ध. जत्रा म्हटली की मला पालखी आणि रेवड्या आठवतात. इथे घोडे होते, आणि कागदी वाडग्यात मिळणारा एक काळसर, दाट, घशात जाळ करणारा रस्सा होता. नाव पेपोझो, म्हणजे मिरीवाला. मी दोन घास खाल्ले आणि दीड महिन्यात पहिल्यांदा नाक वाहिलं. डोळ्यांतही पाणी आलं. त्यातलं किती मिरीचं आणि किती घरच्या आठवणीचं ते सांगता येणार नाही.

गोष्ट अशी सांगतात की फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चवरचा घुमट ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात बांधला, तेव्हा विटा-कौलं इम्प्रुनेताच्या भट्ट्यांतून जायची. भट्टीवरचे मजूर सकाळी मातीच्या भांड्यात बैलाच्या पायाचं स्वस्त मांस, लसूण, मिरी आणि वाईन घालून ते भट्टीच्या तोंडाशी सरकवून ठेवायचे. पाळी संपेपर्यंत जेवण तयार. आता, त्या काळी मिरी मलबारहून निघून कितीतरी व्यापाऱ्यांच्या हातांतून व्हेनिसला पोचायची. ती भट्टीवरच्या मजुराला मुठीने परवडायची का, हा प्रश्न मला पडलाच. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी सिन्योरा, म्हणजे बाई, मूळची इम्प्रुनेताची, वय ऐंशीच्या पुढे. तिला विचारलं तर म्हणाली, "तू जेव."

परतताना बसमध्ये मी सहज बोलून गेले की हे मी करून घालीन. सगळ्यांनी ते लक्षात ठेवलं.

पहिल्या खेपेला माझं काय काय चुकलं ते क्रमाने सांगते, कारण प्रत्येक चूक पुढच्या चुकीला हात धरून घेऊन आली.

रविवारी सकाळी उठून खरेदीला निघाले. रविवारी बाजार बंद. खाटिकही बंद. उरलं सुपरमार्केट. तिथे पॅकबंद मांसाच्या रांगेत मी आपल्या सवयीने सर्वांत 'चांगलं' दिसणारं उचललं: लालबुंद, एकसारखं, चरबीचा टिपूस नाही. लेबलवर 'स्पेत्सातीनो' म्हणजे रश्श्यासाठीचे तुकडे असं लिहिलेलं. 15.90 युरो किलो, 800 ग्रॅमचे 12.72 झाले. त्याच लेबलवर जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं, कुठे तुकडे केले हे सगळं छापलेलं असतं. माझं जनावर फ्रान्सला जन्मून इटलीत वाढलेलं. त्याचे कागद माझ्यापेक्षा पूर्ण होते.

मग मी कांदा चिरला. तेल तापवलं. कांदा लाल केला, लसूण ठेचून टाकला, मांस परतलं, टोमॅटो घातला. हात आपोआप चालत होते, आईचेच हात. वाईन ओतली, झाकण ठेवलं आणि 180 अंशांवर ओव्हनमध्ये सरकवलं.

आमच्या घराचा विजेचा करार 3 किलोवॅटचा आहे, इथल्या बहुतेक घरांचा तेवढाच असतो. शिवाय रविवारी वीज स्वस्त दराच्या वेळेत येते, म्हणून सगळं घर रविवारीच कपडे धुतं. ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम चालू झाल्यावर पाचव्या मिनिटाला खटका पडला आणि अंधार. मीटर तळघरात. चार मजले खाली, मोबाईलच्या उजेडात खटका वर, चार मजले वर. हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी पातेलं ओव्हनमधून काढून गॅसवर ठेवलं.

दीड तासाने तुकडा चावून बघितला. चामडं. म्हटलं, शिजलं नाही, आच वाढवू. वाढवली. रस्सा खदखदा उकळायला लागला. अडीच तासांनी बघितलं तर चामड्याचा भुसा झाला होता, दातात अडकणारा, कोरडा ठणठणीत. रस्सा आंबट. एका मुलीने फार सभ्यपणे विचारलं, "अंडी आहेत का?"

दुसऱ्या दिवशी जिन्यात सिन्योरा भेटली. वास वरपर्यंत गेला होता. तिने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि चौकशी सुरू केली. सरकारी कचेरीत करतात तशीच: कुठलं मांस, किती वाजता, आच किती, भांडं कसलं. टोमॅटो म्हटल्यावर तिने डोळे मिटले. "घुमट बांधला तेव्हा टोमॅटो इथे आलाच नव्हता." मी म्हटलं, आमच्या मिरचीचंही तसंच आहे, ती पोर्तुगिजांनी आणली. हे तिला फार आवडलं. त्यानंतर ती माझ्याशी जरा मऊ वागायला लागली.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. बिनचरबीचं मांस रश्श्याला नकोच. जे स्नायू जनावराने आयुष्यभर वापरले तेच घ्यायचे: नडगी, गाल, मान, शेपूट. त्यांत पांढरे पडदे आणि शिरा असतात, आणि त्यांच्यामुळेच ते स्वस्त असतात. मला हे पाय्याच्या सुपावरून लगेच कळलं. पाया प्यायल्यावर ओठ चिकटतात ना, तेच ते. त्या शिरा 70 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून चीक होतात आणि रस्सा दाट करतात. पण त्याला तास लागतात. आणि मधल्या वेळात मांसाचे धागे आवळले जातात, पाणी सोडतात, म्हणून दीड-दोन तासांच्या सुमाराला तुकडा दगडासारखा लागतो. तिथे माणूस घाबरतो आणि आच वाढवतो. "तिथे," सिन्योरा म्हणाली, "बाहेर फिरून यायचं."

कुकरचं मी विचारलंच. तिची मुलगी कुकरमध्ये करते म्हणे, पाऊण तासात मांस मऊ होतं, पण रस्सा पातळ राहतो आणि मग उघड्यावर आटवत बसावं लागतं. ज्यांना घाई आहे त्यांनी तसं करावं. मला घाई नव्हती, शिष्यवृत्ती तशीही आली नव्हती.

शनिवार, 23 नोव्हेंबर. सकाळी साडेआठला सांताम्ब्रोजोच्या बाजारात गेले. 1873 सालची लोखंडी खांबांची बंदिस्त मंडई, आत खाटिक आणि चीजवाले, बाहेर भाजीचे ठेले. सोमवार ते शनिवार. आत शिरल्यावर आधी भिंतीवरच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढायची. हे माहीत नसल्याने ऑक्टोबरमध्ये मी एकदा वीस मिनिटं नुसतीच हसत उभी होते. या वेळी माझा नंबर 47, चालू होता 31. ती वेळ मी समोरच्या फलकावरचे भाव वाचण्यात घालवली. फिले, म्हणजे पाठीचं मऊ मांस, किलोला 38 युरो. 'मुस्कोलो', म्हणजे नडगीचं मांस, 11.90.

नंबर आला. सिन्योराने कागदावर लिहून दिलेलं मी जसंच्या तसं वाचलं: दीड किलो मुस्कोलो, पेपोझोसाठी, मोठे तुकडे. 'पेपोझो' हा शब्द उच्चारल्यावर खाटकाने ट्रेमध्ये कापून ठेवलेले तुकडे बाजूला सारले आणि आतून अख्खी नडगी आणली. ही सगळ्यात महत्त्वाची टीप: कापलेले तुकडे घेऊ नका, अख्खा भाग दाखवायला सांगा आणि समोर कापून घ्या, साधारण लिंबाएवढे. कापलेल्या ट्रेमध्ये चार जागचं मांस एकत्र असतं, एक शिजतं तेव्हा दुसरं कच्चं. पांढरे पडदे काढू का, असं त्याने विचारलं. मी "नको, नको" म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. 17.85 युरो.

बाहेर भाजीवाल्याकडून लसणाचे दोन गड्डे घेतले, एक युरो. त्याने न मागता पिशवीत एक गाजर, सेलरीची काडी आणि पार्सलीची जुडी कोंबली. त्याला इथे 'ओदोरी' म्हणतात, ओळखीच्या गिऱ्हाइकाला फुकट. आपल्याकडे कोथिंबीर-कढीपत्ता टाकतात तशी. पेपोझोत यातलं काहीच पडत नाही, पण माझी ओळखीत गणना झाली म्हणून मी ते मिरवत घरी नेलं.

कियान्ती, म्हणजे इथली लाल वाईन, तिची बाटली 4.50 युरोची. महाग वाईन घालू नये आणि पिता येणार नाही इतकी वाईटही घालू नये, दोन्ही फुकट जातात. मिरी मात्र माझी स्वतःची होती. सावंतवाडीच्या मैत्रिणीच्या बागेत सुपारीवर मिरीचे वेल चढवलेत, तिने निघताना पिशवीभर बांधून दिली होती. सिन्योराने चार दाणे तळहातावर चोळून हुंगले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

भांडं तिचंच. मातीचं, आतून झिलई केलेलं, एका कानाला टवका उडालेला. ते देताना तिने मला नियम सांगितले. वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचं. गॅसवर थेट नाही, खाली जाड लोखंडी जाळी हवी (हार्डवेअरच्या दुकानात 6 युरो, एकदाच खर्च). गरम भांड्यात गार पाणी कधी नाही. उतरवल्यावर ओट्याच्या दगडावर नाही, लाकडावर ठेवायचं. मी ते भांडं जिन्यातून बाळंतिणीसारखी पावलं टाकत खाली आणलं.

आता कृती, आहे तेवढीच. भांड्यात मांस. दीड गड्डा लसूण, पाकळ्या सोललेल्या पण अख्ख्या. दोन मोठे चमचे मिरी, अर्धी जाडसर कुटलेली, अर्धी अख्खी. मीठ. वरून वाईनची अख्खी बाटली, मांस बुडेल एवढी. बस. तेल नाही, परतणं नाही, कांदा नाही. सगळं गारच एकत्र करून बारीक आचेवर ठेवायचं. मी आईला व्हिडिओवर दाखवलं. तिने स्क्रीनजवळ डोळे आणले. "आणि मसाला?" म्हटलं, हाच. "निदान चमचाभर बॉटल मसाला टाक गो, कोणाला कळतंय?" मी नाही टाकला. टाकावासा वाटला नाही असं म्हणणार नाही.

तीन वाजता गॅस लावला. पावणेचारपर्यंत काहीच घडलं नाही. मग कडेला एखाद-दुसरा बुडबुडा यायला लागला. वर आलेला फेस काढला. पृष्ठभाग जेमतेम थरथरला पाहिजे, उकळायला नको. जाळी असूनही आमच्या गॅसची बारीक आच मोठीच पडत होती, म्हणून मी भांडं बर्नरवरून किंचित बाजूला सरकवून घेतलं आणि अर्ध्या अर्ध्या तासाने फिरवत राहिले.

पाच वाजता एक तुकडा काढला. काटा आत जाईना. चावला. तेच चामडं. सांगून ठेवलेलं असूनही पोटात गोळा आला, हात गॅसच्या बटणापर्यंत गेलाही. मग झाकण ठेवलं, घरातल्या मुलीला नजर ठेवायला सांगितलं आणि आर्नो नदीच्या काठाने चालत गेले. पाऊस भुरभुरत होता. पाऊण तासाने परतले, तर जिन्याच्या तळाशीच वास लागला. वाईनचा आंबट वास गेला होता, काहीतरी गोडसर, तिखट, जुन्या लाकडासारखं राहिलं होतं.

साडेसहाला काटा अर्धा आत गेला. सव्वासातला तुकडा काट्याला लागून स्वतःहून दुभंगला. लसूण विरघळून गेली होती, शोधूनही सापडली नाही. रस्सा अजून जरा सैल होता म्हणून शेवटची पंधरा मिनिटं झाकण काढून ठेवलं. साडेसातला बंद केला. चार तास तीस मिनिटं.

त्या रात्री कुणालाही चव दिली नाही. हा पदार्थ दुसऱ्या दिवशी खायचा. पण मातीचं भांडं फ्रिजमधून थेट गॅसवर गेलं तर तडकतं, म्हणून कोमट झाल्यावर सगळं स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी वर चरबीचा पांढरा थर आला होता, तो चमच्याने सहज निघाला. खाली रस्सा चक्क जेलीसारखा थरथरत होता. तेव्हा मला कळलं की जमलंय.

रविवारी आम्ही सहा जण जेवलो. सोबत रात्री भिजवून उकडलेले पांढरे घेवडे, 1.80 युरो, आणि इथल्या तोस्काना प्रांताचा बिनमिठाचा पाव, 2.40. पाव अळणी असतो, म्हणून रश्श्यात मीठ नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त हवं. घरातला ट्युनिशियाचा मुलगा पेपोझो खाणार नव्हता. इतका वेळ शिजवूनही वाईनमधला अल्कोहोल सगळा उडून जात नाही, तेव्हा पाहुण्यांना आधी विचारा. त्याच्यासाठी घेवड्यातले थोडे आधीच वेगळे काढून टोमॅटो आणि सेजच्या पानांत परतले. अखेर टोमॅटोची हौस तिथे भागवून घेतली.

एकूण खर्च 27.55. माणशी साडेचार युरोच्या थोडा वर, आणि सोमवारी उरलेल्या रश्श्यात पास्ता घालून दोघींचं जेवण झालं ते वेगळं. पहिल्या दिवशीचं 'चांगलं' मांस किलोला चार युरो महाग होतं, हे मला अजून पचलेलं नाही.

सिन्योराने पहिला घास घेतला, पावाने रस्सा पुसला, पाणी प्यायली. म्हणाली, "मिरी अजून चालली असती." मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

भांडं धुताना साबण लावू नका, माती साबण पिते आणि पुढच्या रश्श्याला तो परत देते. गरम पाणी, जाड मीठ आणि घासणी पुरे. दोन दिवस खिडकीत वाळवून मी ते वर परत नेलं. रिकामं भांडं परत करायचं नाही, म्हणून आत बेसनाचे अकरा लाडू ठेवले होते. तिने झाकण उघडलं, एक एक करून मोजले, एक माझ्या हातावर ठेवला, आणि विचारलं की हे किती तास शिजतात.